थोरलीने दार का उघडले नाही?

४ फेब्रुवारी

मिळाली! परवानगी मिळाली! वारसदारांच्या सहीचा कागद समोर आहे आणि मी तो दर पाच मिनिटांनी पुन्हा वाचतेय, जणू अक्षरं पळून जाणार आहेत. एक्केचाळीस वर्षांच्या बाईने पलंगावर उड्या मारू नयेत. मी मारल्या. आई बाहेरून ओरडली, "काय पडलं गं?" म्हटलं, काही पडलं नाही, मी दिग्दर्शिका झाले.

इतकी वर्षं संकलक म्हणून दुसऱ्यांच्या फिती कापल्या. टूथपेस्टच्या जाहिराती, बँकांचे माहितीपट, एका बिस्किटवाल्याचा जीवनप्रवास. आता माझा सिनेमा. आणि तोही त्या कादंबरीवर, जी शाळेत सगळ्यांनी रडत वाचली आणि परीक्षेत सगळ्यांनी चुकवली. दोन सख्ख्या बहिणी, थोरली आणि धाकटी. एकाच जिन्यावर समोरासमोरच्या घरांत राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. शेवटच्या पानावर धाकटी थोरलीची बेल वाजवते. थोरली दाराशी येते, कडीवर हात ठेवते आणि दार उघडत नाही. संपलं. खाली प्रश्न: थोरलीने दार का उघडले नाही? सकारण लिहा.

वारसदार म्हणजे कादंबरीकारांचे एकुलते चिरंजीव. दातांचे डॉक्टर. दवाखान्यात दुसरी खुर्ची नव्हती म्हणून मला रुग्णांच्या खुर्चीत बसवलं आणि सवयीने खुर्ची मागे झुकवली. मी छताकडे बघत प्रायोगिक सिनेमा समजावून सांगितला. ते सगळं ऐकून म्हणाले, "मधलं काय ते करा. मला त्यातलं कळत नाही. पण शेवटाला हात लावायचा नाही. बाबा म्हणायचे, त्या बंद दारासाठी मी अख्खं पुस्तक लिहिलं. दार उघडलं, की परवानगी रद्द. आणि शेवट मला आधी दाखवायचा." कागदावरही तसंच लिहिलंय. मी म्हटलं, डॉक्टर, ते दार उघडणारी मी कोण?

निघताना म्हणाले, तुमची अक्कलदाढ वाकडी येतेय.

९ फेब्रुवारी

नटी पळाली. दोन्ही बहिणी ती एकटीच करणार होती, तीच तर माझी कल्पना होती. तिला मालिका मिळाली. "ताई, तुमचा सिनेमा फार खोल आहे, मला पोहता येत नाही," असं म्हणाली. वाक्य चांगलं आहे म्हणून रागावताही येईना.

कॅमेरामन (त्याला आम्ही अंधारशेठ म्हणतो, कारण एक दिवा जरी जास्त लागला तरी त्याचा जीव कासावीस होतो) आमच्याकडे येऊन डोकं धरून बसला. समोर आई कपडे घडी करत होती. ती चादर झटकते, कोपरे जुळवते, मधेच थांबून खिडकीबाहेर बघते आणि पुन्हा घडी घालते. अंधारशेठने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं.

आई म्हणाली, "माझ्याकडे असं काय बघताय? दोघंही चहा पिऊनच आलायत ना?"

१० फेब्रुवारी

आई थोरली करणार! आधी नाही नाही म्हणाली, मग "साडी माझीच नेसू ना?" म्हणाली, तेव्हाच कळलं की गाडी रुळावर आली.

आता पंचाईत. ही बातमी मी मावशीला सांगायला गेले. आई आणि मावशी कैक वर्षं बोलत नाहीत. आजी गेली त्या सुमारास बिनसलं. मी तेव्हा वसतिगृहात होते, नक्की काय झालं ते कुणी सांगितलं नाही, पण आजीचं शिवणयंत्र मावशीकडे गेलं एवढं मला ठाऊक आहे, म्हणजे त्यावरूनच. मोठी माणसं यंत्रावरून भांडतात, याला काय म्हणावं! मी दोन गल्ल्या ओलांडून मावशीकडे जाते हे आईला माहीत असतं आणि ती "भाजी आणायला एवढा वेळ?" एवढंच विचारते.

मावशीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि धाकटी कोण?"

"शोधतेय."

"शोधतेयस? मी काय मेले का?"

१२ फेब्रुवारी

आईला भीत भीत सांगितलं. तिने कुकरचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तिला अभिनय जमेल. जन्मभर केलाय." पुढे अटी: एका वेळी एका खोलीत दोघी नकोत. जिन्यात गाठ पडता कामा नये. तिचं काम सकाळी, माझं दुपारी.

मी म्हटलं, आई, अगं हेच तर हवंय मला! दोघी एकाही चौकटीत एकत्र दिसणार नाहीत. प्रत्येकीने समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलायचं. न बोललेल्या बोलण्याचा सिनेमा! माझी कल्पना मलाच इतकी आवडली की मी कुकरची शिट्टी झाली तशी टाळी वाजवली. आई म्हणाली, "बरं. आता बटाटे सोल."

१५ फेब्रुवारी

चित्रीकरण सुरू. अंधारशेठच्या मेहुण्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची समोरासमोरची दोन घरं रिकामी आहेत. भिंतींचे पोपडे इतके सुंदर निघालेत की पैसे देऊनही असे काढून मिळाले नसते.

पहिला शॉट: पातेल्यात दूध. बस. दूध तापतं, वर येतं, उतू जातं, शेगडीवर सांडतं, करपतं. बहिणींमधलं मौन. आवाज घेणारी मुलगी (ती सारखी "चूप" म्हणते, म्हणून तिचं नावच चूप) श्वास रोखून बसली होती. दूध वर आलं. माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात चौकटीत आईचा हात आला आणि शेगडी बंद झाली.

"आई!!"

"अगं दूध उतू जात होतं!"

"जायलाच हवं होतं!"

"आणि तुम्ही तिघं बघत बसलात? धडधाकट माणसं?"

तीनदा घेतलं. तिन्ही वेळा हात आला. शेवटी आईला खाली पाठवून चौथ्यांदा घेतलं, तर जिन्यातूनच तिने विचारलं, "बंद केलंत का?" शॉटमध्ये ते आलंय. अंधारशेठ म्हणतो, राहू दे, हाच सगळ्यात चांगला टेक आहे.

१८ फेब्रुवारी

नवी पद्धत सापडली! खरं तर आईच्या हट्टातून सापडली, पण मुलाखतीत मी तसं सांगणार नाही. आज तिला म्हटलं, समोर धाकटी बसलीय असं समज आणि बोल. तर म्हणाली, "ती काय म्हणाली ते बघितल्याशिवाय मी उत्तर का देऊ?" म्हणून तिला मावशीचं सकाळचं कच्चं चित्रण लॅपटॉपवर दाखवलं. त्यात मावशी कादंबरीतलं वाक्य म्हणते, "तुझ्याकडून मला काही नको."

आईने चष्मा लावून पाहिलं. पुन्हा लाव म्हणाली. मग म्हणाली, "केस किती पिकलेत." आणि उठून कॅमेऱ्यासमोर जाऊन बसली.

आता मावशीलाही आईचं बघायचंय. म्हणजे रोज एकीचं चित्रण दुसरीला दाखवायचं आणि मग तिचं घ्यायचं. जगात हे असं कुणी केलं नसेल! मी याला "प्रत्युत्तर पद्धत" असं नाव दिलंय. चूपला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे व्हिडिओवर बोलतात तसंच ना?" हल्लीच्या मुलांना सिद्धांत कळत नाहीत.

२२ फेब्रुवारी

दोघीही वाक्यं बदलू लागल्यात. कादंबरीत थोरली म्हणते, "तुझ्या घरातला दिवा मला इथून दिसतो." आई म्हणाली, "तुझ्या घरातला दिवा हल्ली लवकर मालवतो. तब्येत बरी आहे ना?"

मी कट म्हटलं. आई, दुसरं वाक्य पुस्तकात नाही. "मग घाल पुस्तकात," असं उत्तर आलं.

संध्याकाळी मावशीला ते चित्रण दाखवून आले. रात्री तिने फोन करून विचारलं, "उद्या माझं काय आहे?" म्हटलं, खिडकीतला प्रसंग. "त्याआधी मला दिव्याच्या वाक्याचं उत्तर द्यायचंय." मावशी, ते वाक्यच मी काढून टाकणार आहे. "खबरदार काढलंस तर!"

दोन म्हाताऱ्यांनी माझी पटकथा हायजॅक केलीय. आणि तरीही मी हवेतच आहे. काल जेवताना आई गुणगुणत होती. आईला गुणगुणताना मी शेवटचं कधी ऐकलं? आठवत नाही. भूमिका अंगात भिनली की असं होतं.

२५ फेब्रुवारी

आज जे घडलं ते जेवायच्या आधीच लिहून ठेवतेय. मावशी थोर नटी आहे. आम्ही सगळे मूर्ख, तिला जन्मभर नुसतं शिवणकाम करू दिलं.

प्रसंग साधा होता. धाकटी रिकाम्या खुर्चीला म्हणते, "आपलं काय बिनसलं तेसुद्धा मला आता आठवत नाही." मावशी खुर्चीसमोर बसली. पदर नीट केला. आणि म्हणाली, "मला सगळं आठवतं. तुझ्या हातून आई गेली, असं मी चारचौघांत म्हणाले. बोलायला नको होतं. तोंडातून निघालं त्याच क्षणी कळलं होतं मला. पण तोवर तू चपला घालून निघाली होतीस आणि मग माझा पाय निघेना. तेव्हा नाही निघाला, मग कधीच नाही निघाला."

आणि रडली. खरीखुरी! कादंबरीत बहिणींच्या आईचा मृत्यू जेमतेम एका ओळीत उरकलाय आणि मावशीने त्या एका ओळीतून एवढं उभं केलं! मी जाऊन तिला मिठीच मारली. म्हटलं, मावशी, हे सुचलं कुठून? तिने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. "सुचलं," म्हणाली.

अंधारशेठने मला जिन्यात गाठलं. "तुमची आई नर्स होती ना हो?"

"हो, चांगली तीस वर्षं. का?"

"काही नाही," म्हणाला, आणि उगाच लेन्स पुसत बसला. त्या टेकमध्ये प्रकाश जास्त झाला असणार, म्हणून विषय बदलत होता.

२६ फेब्रुवारी

आईने चित्रण पाहिलं आणि कामाला आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. जेवलीही नाही. मावशीचा अभिनय आपल्यापेक्षा सरस ठरला म्हणून मनाला लागलं असेल, असं मला वाटलं. म्हणून मी तिला सांगितलं की तूही छान करतेस. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू फार साधी आहेस गं."

२८ फेब्रुवारी

आई स्वतःहून तयार होऊन बसली होती. प्रसंग कुठला हेही विचारलं नाही. खुर्चीसमोर बसल्यावर अंधारशेठने मी सांगायच्या आतच कॅमेरा सुरू केला.

आई म्हणाली, "तू म्हणालीस ते खोटं नव्हतं. त्या दुपारी माझा डोळा लागला. आठवडाभराचं जागरण होतं, खुर्चीत बसल्या बसल्या झोप लागली. आईने हाक मारली असेल. मला ऐकू आली नाही. परक्यांच्या हाका मी जन्मभर ऐकल्या आणि तिची नाही ऐकली. तू एकदाच बोललीस. मी स्वतःला रोज म्हणते. मग तुझंच एवढं का लागलं मला, कोण जाणे."

कुणी कट म्हटलं नाही. मीही नाही. चूपने कानांवरचे हेडफोन काढून मांडीत ठेवले होते.

घरी आल्यावर विचारलं, आई, ते डोळा लागल्याचं... कुठून आलं?

"वाचलं होतं कुठेतरी."

मी मान डोलावली. आणि मग अंथरुणात पडल्यावर, उशिरा का होईना, माझी ट्यूब पेटली. आजीजवळ तेव्हा आईच होती. शिवणयंत्राचं कुणी एकदाही नाव काढलं नव्हतं, ते मीच काढत होते. माझ्यासारखी बिनडोक दिग्दर्शिका भूतलावर नसेल. रडले, आणि रडता रडता हसू यायला लागलं, कारण "प्रत्युत्तर पद्धत" आठवली.

१ मार्च

मावशीने आईचं चित्रण पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग विचारलं, "शेवटचा प्रसंग कधी आहे?"

"परवा. पण त्यात तू नाहीस, मावशी. आई आतून दाराशी येते, एवढंच. बेल चूप वाजवेल."

"बेल मी वाजवणार."

"अगं, तू दिसणारसुद्धा नाहीस."

"दिसायचंय कुणाला?"

मला धडकी भरली. दार बंद राहिलं नाही तर सिनेमा गेला. हे मी आईला सांगितलं, मावशीला सांगितलं, कागद वाचून दाखवला. दोघीही अगदी शहाण्या मुलींसारखं "हो हो" म्हणाल्या. आई म्हणाली, "मला काय कळत नाही का? हात ठेवायचा, थांबायचं, उघडायचं नाही. त्यात काय अवघड?"

३ मार्च

कॅमेरा आत. आई पाठमोरी. दाराच्या फटीतून जिन्यातल्या उजेडाची रेघ. अंधारशेठ म्हणाला, असा प्रकाश जन्मात एकदा मिळतो. आईला इथे आणून बसवल्यावरच मावशीला वर यायला सांगितलं होतं. तिची पावलं तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आली, मधे दोनदा थांबली, दम खाल्ला. मग बेल.

आई उठली. सावकाश दाराशी गेली. कडीवर हात ठेवला. काय हात होता तो! मनात म्हटलं, संपला सिनेमा, जिंकले मी. आता फक्त थांब, आई. थांब.

बाहेरून आवाज आला, "ताई, गुडघे दुखतायत गं."

आणि कडी निघाली. इतक्या पटकन निघाली की बहुतेक आईलाही कळलं नाही. "मग एवढे जिने चढून कशाला आलीस, चिमे? खालून हाक मारायची!"

दोघी उंबऱ्याच्या अलीकडे पलीकडे उभ्या. आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जाड झालीस."

"तूसुद्धा."

"मी नाही झाले."

"ताई, दार पूर्ण उघड, मगच मी आत मावेन."

दोघींना हसू फुटलं आणि हसता हसता दोघी एकमेकींना धरून रडायला लागल्या, आणि मी ओरडले, कट, कट, कट! म्हणजे मला वाटतं मी ओरडले. चूप म्हणते, ध्वनिमुद्रणात फक्त मी हुंदके देतेय.

४ मार्च

पुन्हा प्रयत्न. कागद म्हणजे कागद. दोघींना हात जोडून विनवलं. दोघी एकत्रच आल्या, एकाच छत्रीतून, ऊन असताना. मावशीने बाहेरून बेल वाजवली, आईने कडीवर हात ठेवला आणि तिचे खांदे हलायला लागले. हसत होती. दुसरा टेक: मावशी बाहेरून खोकली, आई फिसकन हसली. तिसऱ्यात उघडूनच टाकलं, म्हणे तिला पाणी हवं असेल. चौथ्यानंतर आई म्हणाली, "बाळा, माझ्याच्याने नाही होणार. ती बाहेर आहे म्हटल्यावर हात आपोआप वर जातो. तूच नेस माझी साडी. पाठमोरी कोण ओळखतंय?"

हे बरं होतं. मी दिग्दर्शिका आहे, मला शिस्त आहे. आईची साडी नेसले, केस तसेच बांधले. आईला बाहेर मावशीजवळ उभं केलं. बेल वाजली. मी उठले, दाराशी गेले, कडीवर हात ठेवला. बंद दार. अख्खं पुस्तक ज्याच्यासाठी लिहिलं गेलं ते. माझ्या हातात.

पलीकडे दोघी कुजबुजत होत्या. "वसतिगृहात असताना हिने एकदा..." असं काहीतरी मावशी म्हणाली आणि आई "नाही!" म्हणाली, आणि मावशी म्हणाली, "हो, मला पत्र लिहिलं होतं, तुला सांगू नको म्हणून." मी कान लावला. पुढचं ऐकू येईना.

मी दार उघडलं.

५ मार्च

वारसदारांना फोन केला. लपवून काय करणार? एका दमात सांगून टाकलं. डॉक्टर, शेवट बदलला. मुद्दाम नाही. माझ्या आईने दार उघडलं, मग मीही उघडलं, आमच्या घरात कुणालाच ते बंद ठेवता येत नाही. तुमची परवानगी गेली हे मला कळतं. तुमच्या वडिलांची मी माफी मागते.

मागे दात कोरायच्या यंत्राची घरघर चालू होती, ती थांबली. मी फोन कानाला लावून उभी राहिले आणि हा सिनेमा आपल्याला किती हवा होता हे मला तेव्हा कुठे कळलं.

मग वारसदार म्हणाले, "आमची आत्या एकदा अशीच दाराशी आली होती. मी सहावीत होतो. बाबा दाराशी गेले, कडीवर हात ठेवला. मी त्यांच्या मागे उभा होतो."

मी खाली बसले.

"ती बराच वेळ बेल वाजवत होती," ते म्हणाले. मग घसा खाकरला आणि एकदम दवाखान्यातला आवाज लावला. "परवानगीचं नंतर बघू. तुम्ही आधी मला सांगा, दार उघडल्यावर ती काय म्हणाली?"

"धाकटी?"

"हो. आत आली ना ती?"

"आली, डॉक्टर."

"थांबा," ते म्हणाले. त्यांनी कुणाला तरी बाहेर बसायला सांगितलं, दवाखान्याचं दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढली. "आता सांगा. अगदी पहिल्यापासून."